शौचावाटे रक्त पडलं तर: कारणं कशी ओळखायची आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

माझ्या मामांना शौचाच्या वेळी रक्त पडतंय हे घरात कळलं, तेव्हा त्याला नऊ महिने होऊन गेले होते. मूळव्याध आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. रक्त दिसलं की मलम लावायचं, दोन-चार दिवसांत थांबलं की विषय संपला. शेवटी तपासणी झाली तेव्हा मूळव्याध निघालीही. पण तिच्याबरोबर मोठ्या आतड्यात एक मोठा पॉलिपही (अस्तरावर आलेली वाढ) निघाला. तो काढला, त्यात कर्करोग नव्हता, मामा सुटले.

शौचावाटे रक्त पडण्याचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं, हे खरं आहे. पण साधं कारण आणि गंभीर कारण एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मला या लेखात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: ‘मूळव्याध’ हा शब्द तपासणी झाल्यावर यायला हवा, तपासणीच्या ऐवजी नाही. घरी काय पाहायचं, कशावरून कशाचा अंदाज येतो, किती घाई करायची आणि डॉक्टर नेमकं काय करतात, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: ही तातडीची वेळ आहे का?

रक्त आत्ता पडत असेल तर बाकीचं नंतर वाचा. खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तरी उद्याची वाट पाहू नका, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा:

- रक्त थांबत नाही, भांडं पुन्हा पुन्हा लाल होतंय किंवा रक्ताच्या गाठी पडत आहेत.
- उभं राहिल्यावर चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटून हातपाय गार पडले आहेत, छातीत धडधडतंय किंवा दम लागतोय.
- शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची आहे.
- रक्ताची उलटी झाली आहे, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण आहेत.
- पोटात जोराची कळ आहे, पोट कडक झालंय, किंवा रक्ताबरोबर मोठा ताप आहे.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि रक्त नुसतं कागदाला लागण्यापेक्षा जास्त पडतंय.

नाडी मोजता येत असेल तर शांत बसून मोजा. मिनिटाला १०० च्या वर असेल तर शरीर रक्तस्रावाशी झगडत असण्याची शक्यता आहे. एक मेख मात्र लक्षात ठेवा. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर बरंच रक्त जाऊनही नाडी वाढलेली दिसत नाही. अशा माणसाने नाडीच्या आकड्यावर निर्धास्त राहू नये. चक्कर आणि गार घाम यांना जास्त महत्त्व द्यावं.

मदत येईपर्यंत आडवं व्हा, पाय थोडे उंचावर ठेवा. काही खाऊ-पिऊ नका, कारण तातडीने दुर्बीण घालायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या. पोटात दुखतंय म्हणून हाताशी असलेली वेदनाशामक गोळी घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

किती रक्त गेलं याचा डोळ्यांनी घेतलेला अंदाज फार फसवा असतो. चमचाभर रक्तही भांड्यातलं सगळं पाणी लाल करतं आणि माणूस घाबरून जातो. उलट, आतड्यात साठलेलं रक्त दिसतच नाही. त्यामुळे पाण्याच्या रंगापेक्षा अंगात काय जाणवतंय त्यावरून तातडी ठरवा.

दुसरी पायरी: रक्त नीट पाहा

तातडीचं काही नसेल तर आता थोडं निरखून पाहायचं आहे. किळस वाटते, लगेच पाणी सोडून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ही दहा सेकंदं डॉक्टरांच्या फार उपयोगाची असतात. शक्य असेल तर मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना अशा फोटोंचं नवल वाटत नाही.

रंग पाहा. लालभडक, ताजं रक्त सहसा गुदद्वार, गुदाशय किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून येतं. गडद, मरून रंगाचं आणि शौचेत मिसळलेलं रक्त त्याहून वरचं असू शकतं, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग किंवा लहान आतडं. काळी, चकचकीत, चिकट शौच म्हणजे बहुधा जठर किंवा त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातलं रक्त. वाटेत जठरातलं आम्ल आणि आतड्यातले जिवाणू त्यावर काम करतात, म्हणून त्याचा लाल रंग उरत नाही. साधारण ५० ते १०० मिलिलीटर रक्तही शौच अशी काळी करायला पुरतं.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. जठरातून खूप जोरात रक्तस्राव झाला तर रक्त काळं पडायच्या आत खाली पोहोचतं आणि लालच दिसतं. लाल रक्त भरपूर पडतंय आणि माणूस गळून गेलाय, तर ‘लाल आहे म्हणजे खालचंच’ असं समजू नका.

रक्त कुठे आहे तेही पाहा. फक्त पुसताना कागदाला लागलं, शौच झाल्यावर थेंब थेंब गळलं, शौचेच्या बाहेरून रेघ दिसली, की शौचेत कालवल्यासारखं मिसळलेलं होतं? पहिल्या तीन प्रकारांत उगम खाली, दाराजवळ असण्याची शक्यता जास्त. मिसळलेलं रक्त मात्र आणखी वरून आलेलं असतं. सोबत आव, म्हणजे चिकट पांढरट स्राव, आहे का ते बघा.

आणि मुळात ते रक्तच आहे ना? बीट खाल्ल्यावर शौच आणि कधी कधी लघवीही लालसर होते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट हिरवी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो विशिष्ट उग्र वासही नसतो. पोटाच्या तक्रारीवरच्या बिस्मथ असलेल्या औषधानेही शौच काळी होते. असं काही खाल्लं-घेतलं असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल तर ते बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रंग पूर्ववत होतो का पाहा. शंका उरली तर शौचेची तपासणी करून घ्या. स्त्रियांनी आणखी एक खात्री करून घ्यावी: रक्त मासिक पाळीच्या मार्गातून किंवा लघवीतून तर येत नाही ना? स्वच्छ कापूस तिन्ही ठिकाणी वेगवेगळा टेकवून पाहिला तर बऱ्याचदा उलगडा होतो.

तिसरी पायरी: दुखतंय का?

शौचेच्या मार्गाचा शेवटचा भाग, गुदनलिका, जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असते. तिच्या साधारण मध्यावर एक दंतुर रेषा असते. तिच्या खालची त्वचा हातापायाच्या त्वचेइतकीच संवेदनशील, तर वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ कळतच नाही. या एका रेषेमुळे बरंच काही समजतं. रेषेखालचा आजार दुखतो. रेषेवरचा आजार, मग तो मूळव्याधीचा आतला कोंब असो, पॉलिप असो की कर्करोगाची सुरुवात असो, मुकाट्याने रक्त देतो.

म्हणजे ‘दुखत नाही, त्या अर्थी काही विशेष नाही’ हा तर्क इथे उलटा आहे. अनेक जण न दुखणाऱ्या रक्ताकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात.

नेहमी आढळणारी कारणं

सगळ्यांत जास्त कळवळायला लावणारं कारण म्हणजे फिशर, गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. बहुधा कडक खडा बाहेर पडताना ती पडते. शौचेच्या वेळी काच कापत जावी तसं दुखतं आणि नंतरही काही मिनिटं ते काही तास ठणकत राहतं. रक्त लालभडक पण थोडं, कागदापुरतं. दुखण्याच्या धास्तीने माणूस शौच दाबून धरतो, त्यामुळे मळ आणखी कोरडा होतो आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उघडते. त्यातच आतला स्नायू आखडतो, चिरेला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती भरून येत नाही. शौच मऊ ठेवली, कोमट पाण्यात बसलं तर ताजी चीर बहुधा काही आठवड्यांत भरते. सहा ते आठ आठवडे उलटूनही राहिली तर ती जुनी झाली. मग आखडलेला स्नायू सैल करणारं मलम (डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं), बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असे उपाय असतात. चीर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, मध्यरेषेवर असते. ती बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा दुखत नसेल, तर डॉक्टर क्रोन (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार), क्षयरोग किंवा इतर संसर्गाचा विचार करतात.

मूळव्याध म्हणजे बाहेरून काहीतरी उगवणं नव्हे. गुदनलिकेत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात. दार नीट बंद ठेवायला त्या मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, गरोदरपणात किंवा वयानुसार त्यांचा आधार सैल पडतो आणि त्या फुगून खाली सरकतात. आतल्या मूळव्याधीचं रक्त लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब किंवा कधी पिचकारीसारखं आणि न दुखता पडतं. पहिल्या पायरीत कोंब आतच असतो. दुसरीत कुंथल्यावर बाहेर येऊन आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो, चौथीत बाहेरच राहतो. पहिल्या दोन पायऱ्यांत आहार आणि सवयी बदलून पुष्कळ फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर कोंबाच्या मुळाशी रबरी कडं बसवतात. कोंब वाळून साधारण आठवडाभरात गळून पडतो आणि त्या वेळी थोडं रक्त दिसू शकतं.

बाहेरच्या बाजूला अचानक निळसर, टणक आणि भयंकर दुखणारी गाठ आली, तर बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलेलं असतं. अशा वेळी पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांना गाठलं तर गाठ काढून टाकण्याचा फायदा होतो. नंतर ती हळूहळू आपोआप बसते. दुखणाऱ्या गाठीबरोबर ताप असेल तर ते गळू असू शकतं, आणि गळूत साठलेला पू बाहेर काढावाच लागतो. नुसत्या प्रतिजैविकांवर दिवस काढले तर ते पसरतं, पुढे भगंदर होऊन पू-रक्त झिरपत राहण्याचीही शक्यता असते.

मूळव्याधीतून कर्करोग होत नाही. ज्यांना ती भीती वाटते त्यांनी निर्धास्त राहावं. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. मामांच्या बाबतीत गफलत इथेच झाली.

जुलाब, आव आणि रक्त

रक्ताबरोबर जुलाब, पोटात मुरडा, ताप असं एकदम सुरू झालं तर पहिला संशय संसर्गाचा. शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू किंवा अमीबा आतड्याच्या अस्तराला जखमा करतात. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपरामाइडसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. विषारी घटक आत अडकून राहिले तर आजार चिघळतो. काही ई. कोलाय जिवाणूंच्या संसर्गात, विशेषतः लहान मुलांत, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून रक्ती जुलाबानंतर मूल फिकट दिसू लागलं किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा. क्षार-साखरेचं पाणी मात्र पहिल्या जुलाबापासून द्या.

हाच त्रास आठवड्यांमागून आठवडे चालू राहिला, रात्री झोपेतून उठून धावावं लागलं, आव-रक्त पडून पोट साफ झाल्यासारखंच वाटत नसेल, वजन उतरत असेल, तर आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा विचार करावा लागतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन हे त्यातले दोन मुख्य आजार. ते बरेचदा ऐन तारुण्यात सुरू होतात, तेव्हा ‘या वयात काय होणार’ हे वाक्य इथे कामाचं नाही. दोन्ही आजारांवर आज चांगली औषधं आहेत, पण ती मनाने सुरू किंवा बंद करण्यासारखी नाहीत.

पॉलिप आणि कर्करोग

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली लहानशी वाढ. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, पण अॅडिनोमा या प्रकारातले काही वर्षांच्या ओघात, बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळात, कर्करोगाकडे वळतात. एवढी मोठी मुदत फार थोड्या कर्करोगांत मिळते. त्या काळात दुर्बिणीतून पॉलिप काढला तर कर्करोग होण्याआधीच टळतो, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी जाता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे जगभरात १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण आढळले आणि ९ लाख ३० हजारांहून जास्त माणसं त्याने दगावली. पन्नाशीनंतर धोका वाढतो, हे जुनंच ज्ञान आहे. अलीकडे अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांतही प्रमाण वाढताना दिसतंय. म्हणूनच अमेरिकेत २०२१ मध्ये नियमित चाचणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं.

रक्ताबरोबर काय असलं की संशय वाढतो? शौचेची सवय काही आठवडे बदललेली राहणं, म्हणजे कधी नव्हे ते बद्धकोष्ठ किंवा सतत पातळ होणं. शौच बारीक येणं. जाऊन आल्यावरही पोटात काही राहिल्यासारखं वाटून पुन्हा कुंथत बसणं. कारण नसताना वजन घटणं, भूक मंदावणं, पोटात गोळा लागणं. आणि थकवा: उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ बरेचदा डोळ्यांना रक्त दाखवतच नाही, फक्त महिनोन्महिने झिरपत राहते आणि माणूस पांढरा पडत जातो. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर नुसत्या गोळ्या देऊन थांबणं पुरेसं नाही. रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं.

उतारवयातली कारणं

मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयानुसार फुग्यासारख्या छोट्या पिशव्या येतात, त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. त्यातली एखादी रक्तवाहिनी फुटली की न दुखता, अचानक, भांडं भरेल इतकं रक्त पडतं. बहुतेकांत ते आपोआप थांबतं. पण ते थांबेल की नाही हे घरी बसून कळत नाही, म्हणून रुग्णालयातच जायचं. अस्तरातल्या नाजूक, फुगलेल्या केशवाहिन्यांतूनही असंच रक्त जातं. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा हृदयाची झडप अरुंद असलेल्यांत हे जास्त आढळतं. पोटात डावीकडे अचानक कळ आणि काही तासांत रक्त, असं झालं तर आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडल्याची शक्यता असते. ओटीपोटाला किरणोपचार घेतलेल्यांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही गुदाशयातून रक्त जाऊ शकतं, तेव्हा ती जुनी माहिती डॉक्टरांना आठवणीने सांगा.

वरचं रक्त आणि गोळ्या

काळ्या शौचेमागे बहुधा जठराचा किंवा आतड्याच्या सुरुवातीचा व्रण असतो. त्याची दोन मोठी कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन. सांधे, पाठ, डोकं यांसाठी या गोळ्या रोजच्या झाल्या की जठराचं संरक्षक अस्तर विरळ होतं आणि दुखणं न जाणवताही व्रणातून रक्त जाऊ शकतं. म्हणूनच वर म्हटलं की रक्त पडत असताना अशी गोळी घेऊ नका. यकृताचा जुना आजार असलेल्यांत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटू शकतात. ती तातडीतलीही तातडी.

हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त पाहून त्या परस्पर बंद करू नका. बंद केल्याने गुठळी होण्याचा धोका कधी कधी रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. तो निर्णय डॉक्टरांनी त्याच दिवशी घ्यायचा आहे, म्हणून फोन तरी लगेच करा. आणि ‘गोळीमुळेच रक्त आलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. गोळी बहुधा आधीपासून असलेली जखम उघडी पाडते. ती जखम कोणती, हे तरीही पाहावंच लागतं.

मुलं आणि गरोदर स्त्रिया

मुलांत रक्ताचं सर्वांत नेहमीचं कारण बद्धकोष्ठामुळे पडलेली चीर. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला न दुखता रक्त येत असेल तर बहुधा बालवयातला पॉलिप असतो आणि तो सहज काढता येतो. अंगावर पिणाऱ्या बाळाने आईच्या भेगाळलेल्या स्तनाग्रातलं रक्त गिळलेलं असू शकतं. काही तान्ह्या बाळांना दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असते. हे शोधण्याचं काम बालरोगतज्ज्ञांचं. पण तान्हं बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, उलट्या करतंय आणि शौचेत जेलीसारखं लाल काही आलंय, तर एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं. तेव्हा तासही दवडू नका.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मूळव्याध आणि चीर दोन्ही नेहमीच्या आहेत. आपल्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा आणि मलम त्यांना विचारूनच लावा. दर पाळीच्याच सुमारास शौचेतून रक्त येत असेल तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याची, शक्यता असते. तारखा लिहून ठेवल्या तर हा धागा लवकर सापडतो.

किती दिवस थांबलं तर चालेल?

माझं मत स्पष्ट आहे: आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिसलं की वय कितीही असो, एकदा तरी डॉक्टरांना दाखवावं. घाई किती, हे मात्र बदलतं. तरुण, निरोगी माणसाला कडक शौचेनंतर दुखून एखादी रेघ दिसली, तर आठवडाभर आहार सांभाळून पाहायला हरकत नाही. त्यानंतरही रक्त आलं किंवा थांबून परत आलं तर जायचं. वय चाळिशीपुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, रक्त शौचेत मिसळलेलं असेल, किंवा वजन, भूक, सवय यांत बदल असेल तर आठवडाही थांबू नका, मिळेल ती पहिली वेळ घ्या. ताप आणि रक्ती जुलाब असतील तर त्याच दिवशी.

डॉक्टरांसमोर

सर्दी-खोकल्याबद्दल बोलून झाल्यावर, उठता उठता, दाराशी जाऊन ‘जरा रक्तही पडतं’ असं सांगणारे खूप आहेत. संकोच समजण्यासारखा आहे. पण हे वाक्य पहिलं बोला: ‘मला शौचावाटे रक्त पडतंय.’ मग कधीपासून, कितीदा, रंग कोणता, दुखतं का, सवय बदलली का, वजन घटलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का, हे सांगा. घरून लिहून नेलंत तर बोलताना अवघडल्यासारखं होत नाही.

पोट तपासल्यावर डॉक्टर कुशीवर झोपवून गुदद्वार पाहतात, हातमोजा आणि वंगण लावून बोटाने आत तपासतात आणि बरेचदा प्रॉक्टोस्कोप ही आखूड नळी घालून पाहतात. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. आतला कोंब बोटाला नेहमी लागत नाही, नळीतून दिसतो. तीव्र चीर असेल तर बोटाची तपासणी खूप दुखते, म्हणून तेव्हा ती पुढे ढकलतात. हवं असल्यास सोबत कुणीतरी असू द्या, किंवा आपल्याच लिंगाच्या डॉक्टरांची मागणी करा. मात्र कुणी न पाहता, न तपासता, नुसतं ऐकून मूळव्याधीची औषधं लिहून देत असेल तर ‘एकदा तपासून बघता का?’ असं विचारायला लाजू नका.

पुढे हिमोग्लोबिन, गरजेनुसार शौचेची तपासणी, आणि संशयाप्रमाणे सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी) किंवा कोलोनोस्कोपी (पूर्ण मोठ्या आतड्याची). शौचेतलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी ‘नाही’ आली, तरी डोळ्यांनी रक्त दिसलेलं असताना तेवढ्यावर विसंबू नये.

कोलोनोस्कोपीची लोकांना वाटते तेवढी धास्ती घ्यायला नको. खरा त्रास आदल्या दिवशीचा: फक्त पातळ पदार्थ आणि पोट पूर्ण साफ करणारं औषध, अनेक फेऱ्या. ते औषध अर्धं टाकून देऊ नका, कारण आतडं स्वच्छ नसेल तर छोटा पॉलिप सुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं हे आधीच विचारून घ्या. तपासणी बहुधा गुंगीच्या औषधाखाली, अर्ध्या-पाऊण तासात होते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरी न्यायला कुणी हवं. आतड्याला भोक पडणं किंवा रक्तस्राव होणं हे धोके आहेत, पण क्वचित.

घरी काय करायचं, काय टाळायचं

रोजच्या खाण्यात २५ ते ३५ ग्रॅम तंतू जायला हवेत: भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं. ते एकदम वाढवलं तर पोट फुगतं, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. इसबगोल चांगलं काम करतो, पण त्याबरोबर पाणी भरपूर प्या, नाहीतर तोच आत घट्ट होतो. घाई आली की लगेच जा. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नका आणि मोबाइल बाहेर ठेवा. बसून राहिल्याने खालच्या शिरा फुगतात. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे वर आले की कुंथावं कमी लागतं. दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटं कोमट पाण्यात बसा आणि नंतर हलक्या हाताने टिपून कोरडं करा.

स्टेरॉइड असलेलं मलम सात दिवसांपेक्षा जास्त लावू नका, त्वचा पातळ होते. ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ किंवा अशाच जाहिरातींच्या मागे अप्रशिक्षित माणसाकडे जाऊ नका. चुकीच्या जागी टोचलेल्या किंवा जाळणाऱ्या द्रव्याने गुदद्वार कायमचं आवळलं जाऊ शकतं किंवा शौच रोखून धरण्याची ताकदच जाऊ शकते.

उपचार झाल्यावर रक्त थांबलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला परत जा. आणि मूळव्याधीचा उपचार पूर्ण होऊनही रक्त येतच राहिलं तर त्याच निदानाला चिकटून बसू नका. ‘आणखी वर पाहायला हवं का?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा आहे.

सख्ख्या नातेवाइकाला, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुलं यांपैकी कुणाला, आतड्याचा कर्करोग किंवा मोठा अॅडिनोमा निघाला असेल, तर बाकीच्यांनी लक्षण नसतानाही डॉक्टरांशी बोलावं. साधारणपणे चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचवतात. मामांचा अहवाल आल्यावर माझ्या आईनेही ती करून घेतली. तिला काही निघालं नाही. पुढची कधी करायची, ते डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहून दिलंय, आणि तो कागद तिने मामांच्या अहवालाबरोबर एकाच पाकिटात ठेवलाय.